मांजरीचं खाणं : स्वस्त पाकीट, तिचे नखरे आणि आपला धर्म



आपल्या महिला मंडळात आजकाल एक विषय हळू आवाजात निघतो. कुणाकडे सुनेने मांजरीचं पिल्लू आणलंय, कुणाकडे नातवाने पावसात भिजलेलं पिल्लू खिशात घालून आणलंय, कुणाच्या गोठ्यात मांजर व्यालीय. पहिले आठ दिवस दूध-पोळीवर जातात. मग कुणीतरी सांगतं की दुधाने तिला हगवण लागलीय, पाकिटातलं खाणं द्या. पाकीट उलटं करून बघावं तर मासे, कोंबडी. मग प्रश्न दोन होतात. हे घरात आणायचं का, आणि आणायचंच तर एवढं महाग का?

आमच्याकडे तामलवाडीत दोन मांजरं आहेत, मनी आणि तिचा बोका. टोलनाक्याच्या बाजूने येणाऱ्या मांजरांची ये-जा वेगळीच. मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. आज पैशाचा आणि पापपुण्याचा, दोन्ही हिशेब मांडते. माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना शेवटपर्यंत वाट बघायला नको. मांजर हौसेने आणू नका. पण जी दाराशी येऊन आपल्या आसऱ्याला राहिली, तिला तिचं खाणं द्या. आणि ते दुकानाच्या स्वतःच्या नावाचं स्वस्त पाकीट असलं तरी चालतं, फक्त ते वाचून घ्या.

आधी तिच्या शरीराचं

गाय शाकाहारी आहे यात तिचं पुण्य नाही, मांजर मांसाहारी आहे यात तिचं पाप नाही. शरीरच तसं मिळालंय. मांजरीला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं. ते मांस-मासळीत असतं, डाळी-धान्यांत जवळजवळ नसतं. आपलं शरीर ते स्वतः तयार करतं, मांजरीचं पुरेसं करू शकत नाही. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होऊन ती आंधळी होते, आणि हृदयाचा स्नायू ताणून सैल पडतो. हृदयाची ही गोष्ट १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी दाखवून दिली आणि त्यानंतर खाद्य कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. गाजरातून आपण अ जीवनसत्त्व करून घेतो, मांजर तेही करू शकत नाही, तिला ते तयारच लागतं.

दुधाचंही तसंच. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. आणि गोडाची चवच तिला कळत नाही. २००५ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की गोड ओळखणारं जनुकच मांजरांत निकामी आहे. म्हणजे आपण प्रेमाने शिरा पुढे करतो, ती खाते ती तुपासाठी.

काही जणी म्हणतात, "आमची मांजर दहीभातावरच वाढली, दहा वर्षं झाली." ती मागच्या रानात काय खाऊन येते, ते त्यांना दिसत नाही एवढंच.

आपल्या घरांचा एक फायदा मात्र आहे. कांदा आणि लसूण मांजरीला विषासारखे आहेत, तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या शिळ्या-उरल्यात ते नसतात. शेजारच्या घरातून प्रेमाने आलेला रस्सा मात्र तिला घालू नका.

हे आपल्या धर्मात बसतं का?

यावर मला दोन्ही बाजू मांडायच्या आहेत, कारण दोन्ही खऱ्या आहेत.

आपल्या शास्त्रांनी मांजर पाळण्याबद्दल सावध केलंय. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात श्रावकाने टाळायच्या पंधरा खरकर्मांची यादी आहे, त्यात असतीपोष आहे, म्हणजे हिंस्र प्राण्यांना पोसणं. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात तर पोपट, मैना, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्या रांगेत मांजराचं नावच आलंय. पण तिथे धनासाठी पोसण्याची गोष्ट आहे. हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो.

कारण धनासाठी मांजर पोसणं आपल्याकडे अजून चालतं, फक्त त्याला कुणी नाव ठेवत नाही. धान्याच्या गोदामात, किराणा दुकानात मांजर ठेवायची, बशीभर दूध द्यायचं, पोटभर द्यायचं नाही, म्हणजे ती उंदरांवर टपून बसेल. ही पद्धत आपल्या व्यापारी घरांत कितीतरी पिढ्यांची आहे. त्याच घरात पाकिटावर माशाचं चित्र दिसलं की नाकाला पदर लागतो. मला विचाराल तर असतीपोष त्या गोदामात आहे.

दुसरी बाजू. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत : बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, आणि अन्नपाणी रोखणं. शेवटचा अतिचार आपण बैल-म्हशीपुरता समजतो. ज्या जिवाला आपण दाराआड घेतलं, त्याला जे पचत नाही तेच पुढे ठेवायचं आणि "खाल्लं तर खाईल" म्हणायचं, हेसुद्धा अन्न रोखणंच झालं.

व्रत आपण स्वतः घेतो, समजून-उमजून घेतो. मनीला सामायिक करायला कुणी बसवत नाही, मग आपला आहारत्याग तिच्यावर का लादायचा? तिला व्रताचं पुण्य लागणार नाही, आणि ती आंधळी झाली तर त्याचं पाप कुणाकडे जाईल?

तरी मी स्वतःला फसवत नाही. कृत, कारित, अनुमोदना यांत पाकीट विकत घेणं कुठेतरी बसतंच. ते शून्य पाप आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून तर हौसेने पर्शियन मांजर विकत आणणाऱ्या घरांना माझा विरोध आहे. आधी मागणी निर्माण करायची आणि मग दया दाखवायची, हे उलटं झालं.

परदेशात वनस्पतींपासून केलेलं, कृत्रिम टॉरिन घातलेलं मांजरखाद्यही तयार होतं. ज्यांना त्या वाटेने जायचंय त्यांनी डॉक्टरांना विचारून, वर्षाला रक्त आणि लघवी तपासून जावं. पण ते म्हणजे आपला वरणभात नव्हे, हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट ऐका. २०२१ साली इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाने साडेतीनशेच्या वर पाळीव मांजरांचा अभ्यास केला. भरपूर मांसप्रथिनं आणि धान्य नसलेलं खाद्य दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. रोज पाच-दहा मिनिटं दोरी-पिसांशी खेळवलं तर २५ टक्क्यांनी. त्यांचं खाद्य महागातलं होतं, हे खरं. पण दिशा कळली ना? नीट खाल्लेली मांजर चिमण्या-उंदरांच्या मागे कमी लागते. आणि खेळवायला तर पैसाही लागत नाही.

स्वस्त म्हणजे हलकं का?

आता पैशाकडे येऊ. सोलापूरला पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा मोबाईलवर बघितलं तर तीन थर दिसतात. वर परदेशी महाग नावं. मध्ये जाहिरातीतली ओळखीची नावं. आणि खाली दुकानांची किंवा ऑनलाइन बाजारांची स्वतःच्या शिक्क्याची पाकिटं, आणि कंपन्यांनीच काढलेली स्वस्त नावं. छत्तीसगडची ड्रूल्स कंपनी घ्या, तिचंच प्युअरपेट हे स्वस्तातलं नाव आहे.

दुकान स्वतः कारखाना चालवत नाही. ते दुसऱ्याकडून बनवून घेतं आणि आपला शिक्का मारतं. आपल्या पापडांचं नाही का, एका बचत गटाचे पापड चार दुकानांच्या पिशव्यांतून विकले जातात. जाहिरात नाही, नटी नाही, म्हणून भाव कमी.

महाग नावात सुरक्षा असते, असंही समजू नका. मार्च २००७ मध्ये कॅनडाच्या मेन्यू फूड्स कंपनीने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे ६ कोटींहून जास्त डबे आणि पाकिटं परत मागवली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं, प्राण्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन कित्येक गेले. त्या यादीत आयम्स, युकॅनुबा ही भारी नावं होती आणि वॉलमार्टचं घरचं स्पेशल किटीही होतं. एकाच कंपनीत बनलेलं, वेगवेगळ्या भावाने विकलेलं. तेव्हापासून तिकडचे लोक शिक्क्याऐवजी "बनवतं कोण" हे विचारायला लागले. आपणही विचारावं.

आपल्या दृष्टीने अजून एक मुद्दा आहे. स्वस्त खाद्यात बहुधा काळीज, हृदय, हाडांची पूड असे भाग वापरलेले असतात, जे माणसं फारसे खात नाहीत. जाहिराती त्याला हलकं म्हणतात आणि "माणसांच्या दर्जाचं निवडक मांस" म्हणून दुप्पट भाव लावतात. पण हृदय आणि काळीज मांजरीला पोषकच असतं. आणि माणसांसाठी जे झालंच आहे त्यातला उरलेला भाग वापरणं, की मांजरीसाठी मुद्दाम निवडक मांस मागवणं, यांत मला पहिलं कमी दोषाचं वाटतं. कुणाचं मत वेगळं असेल तर मान्य आहे.

पाकीट कसं वाचायचं

चश्मा लावा आणि मागची बाजू बघा.

१. "संपूर्ण व संतुलित आहार" अशा अर्थाचं वाक्य हवं. नुसतं "पूरक" किंवा "खाऊ" लिहिलेलं असेल तर ते रोजचं जेवण नाही.

२. टॉरिनचं नाव हवंच. नसेल तर पाकीट परत ठेवा, कितीही स्वस्त असो.

३. वय. पिल्लांचं आणि मोठ्यांचं वेगळं असतं. कोरड्या दाण्यांत मोठ्या मांजरीला ३० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेली बरी, पिल्लाला त्याहून थोडी जास्त.

४. घटकांत पहिलं नाव कशाचं आहे? वजनाच्या क्रमाने लिहितात. पहिली तीनही नावं मका, तांदूळ, गहू अशी असली तर ते मांजरीच्या नावाने विकलेलं धान्य.

५. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख, बॅच नंबर.

ओल्या पाकिटावर प्रथिनं ८ टक्के दिसली म्हणून घाबरू नका. त्यात ८० टक्के पाणी असतं. उरलेल्या २० भागांत ८ म्हणजे ४० टक्के झाले. कोरड्यात पाणी १० टक्के, प्रथिनं ३०, म्हणजे ९० भागांत ३०, ते ३३ टक्के झाले. पाणी वजा केल्याशिवाय तुलना करायची नाही.

दोन गोष्टी मात्र स्वस्त असल्या तरी नकोत. एक, कुत्र्याचं खाद्य. त्यात मांजरीला पुरेल एवढं टॉरिन असेलच असं नाही. दोन, पोत्यातून किलोवर मिळणारे सुटे दाणे. त्यावर ना तारीख, ना नाव. दाण्यांवरची चरबी हवेने खवट होते, पावसाळ्यात बुरशी धरते, आणि मांजरीचं नाक आपल्यापेक्षा तिखट.

खाल्लेल्या घासाचा भाव

आता वहीतला हिशेब. भाव समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण ६० ग्रॅम कोरडे दाणे पुरतात. नावाजलेलं पाकीट ४०० रुपये किलो धरलं तर दिवसाला २४ रुपये. दुकानाच्या शिक्क्याचं २५० रुपये किलो धरलं तर १५ रुपये. महिन्याला ७२० आणि ४५०. दोन मांजरांत वर्षाला जवळपास साडेसहा हजारांचा फरक पडतो. फक्त ओल्या पाकिटांवर ठेवायची तर ४० रुपयांची तीन तरी लागतील, म्हणजे एका मांजरीचे महिन्याला ३६०० रुपये. एवढ्यात एका लहान घराचा महिन्याचा किराणा येतो.

पण नखरेल मांजर इथेच हिशेब बिघडवते. स्वस्तातले पाच भाग घातले आणि तिने तीनच खाल्ले, दोन वाटीत सोडले, तर ६० ग्रॅम पोटात जायला १०० ग्रॅम घालावे लागतात. १०० ग्रॅमचे झाले २५ रुपये. महागडं पाकीट २४ ला पडत होतं! म्हणून किलोचा भाव बघू नका, खाल्लेल्या घासाचा भाव बघा. आठ दिवस घातलेलं आणि उरलेलं तराजूवर मोजा, उत्तर मिळेल. आणि पहिल्यांदा कधीही मोठं पाकीट घेऊ नका. लहान पाकीट किलोमागे महाग पडतं, पण नापसंत झालं तर नुकसान थोडक्यात निभावतं.

नखरे कमी कसे करायचे

मांजर जिभेआधी नाकाने जेवते. स्वस्त दाण्यांवर दोन चमचे कोमट पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, वास सुटतो. वाटी उथळ आणि पसरट हवी, मिशा कडेला घासल्या की काही मांजरं तोंड फिरवतात. वाटी स्टीलची, रोज घासलेली. तिच्या शी-शूच्या जागेजवळ ठेवू नका.

नवीन खाद्य एकदम बदलू नका. पहिले दोन-तीन दिवस तीन भाग जुनं, एक भाग नवं. मग अर्धं-अर्धं. मग तीन भाग नवं. आठ-दहा दिवसांत होतं. बोक्याला मी असंच वळवलं. मनीने मात्र एक शिक्का सरळ नाकारला, दुसऱ्या दुकानाचा मासळीवाला खाल्ला. स्वस्तातही तिची निवड असते, ती मान्य करायची.

आपल्या घरांतला एक समज मात्र काढून टाका. "भूक लागली की झक मारत खाईल." मुलांना हे चालतं, मांजरीला नाही. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजरीत, शरीरातली चरबी यकृतात साचते आणि जिवावर बेततं. एक दिवस पूर्ण उपाशी राहिली तर जुनं खाद्य द्या आणि पशुवैद्यांना फोन करा. पिल्लू असेल तर तेवढीही वाट बघू नका. रोज खाणारी मांजर अचानक तोंड फिरवत असेल तर तो नखरा नसेल, दात किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल.

आपल्या घरची शिस्त

पाकीट स्वयंपाकघरात नको. आमच्याकडे ते मागच्या ओसरीत, झाकणाच्या डब्यात असतं. डबा, चमचा, वाटी, घासणी, सगळं वेगळं. घरी महाराजांसाठी चौका लागतो तेव्हा मांजरांना त्या बाजूला येऊच द्यायचं नाही, हे तर सांगायलाच नको. सासूबाईंचं वय झालेलं असेल, त्यांना वासही नको वाटत असेल, तर त्यांच्याशी आधी बोला. मांजरीवर दया करताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं मन दुखवलं तर तीही हिंसाच.

मुंग्यांचं फार सांभाळा. वाटी दिवसभर भरून ठेवली की रांग लागते. मग लोक वाटीभोवती पाण्याची परात ठेवतात, त्यात मुंग्या बुडून मरतात. त्यापेक्षा थोडं थोडं घाला, अर्ध्या तासाने वाटी उचला, जागा कोरड्या फडक्याने पुसा. मांजराला तसंही दिवसात चार-पाच वेळा थोडं खायला आवडतं. मुंग्या वाचतात, दाणे खवट होत नाहीत, आणि वाया काय गेलं तेही कळतं.

मांजरीची नसबंदी करून घ्या. आज दोन वाट्या भरतोय, पुढच्या वर्षी आठ भराव्या लागतील, आणि त्या आठांतली निम्मी रस्त्यावर गाडीखाली जातील. ही दया नव्हे.

राहिला तो वाचलेला पैसा. स्वस्त पाकिटाने वर्षाला जे चार-पाच हजार उरतील, त्यातले काही जीवदयेच्या पेटीत टाका, एखाद्या पांजरपोळेला चाऱ्यासाठी द्या. मनीच्या खाण्याचा जो दोष आपल्या खात्यावर लागतो तो यामुळे पुसला जाईल असं मी म्हणत नाही, जमा-नावे इतकं सोपं नसतं. पण खातं उघडं ठेवून, आकडे न लपवता जगावं, एवढं तर श्राविकेला जमायला हवं.

जय जिनेंद्र.